विमानाचा बाप

परदेशाहून परतणाऱ्या माणसानं काय आणावं, याचा आमच्या केज तालुक्यात एक अलिखित कायदा आहे. जावयाला घड्याळ, मेव्हण्याला दाढीचं यंत्र, शेजारपाजाऱ्यांना चॉकलेटं, आणि स्वतःसाठी 'तिकडं कसं सगळं स्वच्छ असतं' हे वाक्य. या यादीत सायकल बसत नाही. मी ती बसवली. २०२३ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरातून बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावापर्यंत मी एक जुनी सायकल विमानानं आणली. तेव्हापासून लोक माझ्याशी जरा जपून बोलतात. आमची सौ. तर आल्यागेल्याला चहा देता देता हळूच सांगते, "तिकडचं पाणी मानवलं नाही यांना."

म्हणून हा लेखी जबाब. माझ्यावर आरोप तीन आहेत. एक मुलीचा, एक विमान कंपनीचा आणि एक गावाचा. तिन्ही मला अमान्य आहेत.

मुलगी उत्रेख्तला नोकरी करते. त्या देशात माणसं पावणेदोन कोटी आणि सायकली दोन कोटींच्या वर. उत्रेख्तच्या रेल्वे स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची जागा आहे. मार्क रुट्टे हे गृहस्थ पंतप्रधान असताना सायकलवरून कचेरीत जायचे. आमच्याकडे माणूस ग्रामपंचायतीला नुसता उभा राहिला तरी आधी सायकल विकतो.

मुलीनं मला तिथं एक वापरलेली सायकल घेऊन दिली. हिला हँडलवर ब्रेक नाही. पायडल उलटं मारलं की थांबते. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. एका कालव्याच्या कठड्यानं सांगितलं. पण पुढं तीन महिने मी रोज फिरलो. जो गुडघा मी आणि सौ.नं मिळून बाद ठरवला होता, तो कुरकुर न करता कामावर हजर झाला. निघायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "ही घरी न्यायची."

"अण्णा, काहीतरीच काय!" मुलगी म्हणाली. "विमानाचं भाडं, वरून मुंबई ते केज. तेवढ्यात तुम्हाला तिकडं नवी येईल."

हिशेब बरोबर होता. तो मीच शिकवलेला. पण या पोरीला एक गोष्ट आठवत नव्हती, किंवा आठवत असून ती बोलत नव्हती. १९९८ साली ती आठवीत गेली. शाळा सहा किलोमीटर, सकाळची एस.टी. मर्जीची. पावसाळ्यात तर एस.टी.ची आणि पावसाची वर्गवारीच ठरलेली असायची, एक आला की दुसरी येत नसे. मी तिला सायकल घेतली. तेव्हा पारावरून विचारणा झाली, "गुर्जी, पोरीला सायकल कामून?" त्या सायकलवर ती पाच वर्षं गेली आणि आली. आठवीतून बारावीत, बारावीतून औरंगाबादला, तिथून पुण्याला, आणि पुण्याहून विमानात. विमानाचं तिकीट मी नंतर काढलं. पहिलं तिकीट त्या सायकलनं काढलं होतं.

आणि ती सायकल मी काय केली? २००४ साली भंगारवाल्याला दिली. सव्वाशे रुपयांत. लोक म्हणायला लागले होते, "पोरगी इंजिनिअर होणार, अन् गुर्जी अजून सायकलवर?" मी मोपेड घेतली. चारचौघांत बरं दिसतं म्हणून. ही कबुली मी आजवर कुणाला दिली नव्हती. तेव्हा सायकल घरी आणायचा हट्ट म्हातारचळ नव्हता, उधारी फेडणं होतं. पहिला आरोप रद्द.

आता विमान कंपनी. नाव घेत नाही. या बाबतीत सगळ्या एकाच माळेच्या मणी आहेत. सायकल न्यायची तर तिचं आधी शवविच्छेदन करावं लागतं. पुढचं चाक काढा, पायडलं काढा, हँडल आडवं फिरवा, चाकांतली हवा सोडा आणि सगळं खोक्यात भरा. खोकं सायकलच्या दुकानातून फुकट मिळालं. पायडल काढताना जावई घामाघूम झाला, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्याच्या पदवीत नव्हतं. केजच्या पंक्चरवाल्याच्या पोराला ते दहाव्या वर्षी माहीत असतं.

काउंटरवरच्या बाईंनी खोक्याकडे असं पाहिलं, जणू मी आत म्हैस बांधून आणली आहे. वजन एकोणीस किलो. शेजारी सौ.ची बॅग बावीस किलो. बॅगेला एक पैसा नाही. सायकलला पंच्याहत्तर युरो. का? तर ती 'स्पोर्ट्स इक्विपमेंट' आहे. म्हणजे क्रीडासाहित्य! गोल्फच्या काठ्या, बर्फावर घसरायच्या फळ्या आणि कॅरिअर लावलेली माझी सायकल, सगळे एका पंगतीत. कॅरिअरवर दळण, हँडलला पिशवी, दांड्यावर पोरगं, हा कोणता खेळ हो? पहाटे दोन्ही बाजूंना कॅन अडकवून निघणारा दूधवाला काय ऑलिंपिकला निघालेला असतो?

हवेचं प्रकरण तर विज्ञानाचा मास्तर म्हणून माझ्या जिव्हारी लागलं. मी विचारलं, हवा का सोडायची? उत्तर आलं, वर गेल्यावर टायर फुटेल. आता पाहा. प्रवासी विमानाचं सामान ठेवायचं पोटसुद्धा वरच्या डब्यासारखंच बंद आणि दाब राखलेलं असतं. तिथला दाब जमिनीवरच्या दाबाच्या पाऊणपट तरी असतो. म्हणजे टायरला फरक जाणवणार तो पाव वातावरणाचा. पंपाचे दोन-चार हात जास्त मारल्याइतका. अहो, त्याच पोटातून लोक कुत्री-मांजरं नेतात. ती कुठं फुटतात? पण नियमापुढं विज्ञान नववीच्या पोरासारखं मान खाली घालून उभं राहतं. मी हवा सोडली. सोडताना जो आवाज आला तो माझा होता की ट्यूबचा, हे सौ.ला अजून नीट सांगता येत नाही.

आणि हे सगळं कुणी करावं? विमानानं! ऑर्व्हिल आणि विल्बर राइट हे दोघे भाऊ अमेरिकेत डेटन गावी सायकली विकणारे, दुरुस्त करणारे आणि पुढं बनवणारे दुकानदार. विमानाचा खर्च त्या दुकानाच्या गल्ल्यातून झाला. पंख कसे असावेत हे ठरवायला १९०१ साली त्यांनी सायकलच्या हँडलपुढं एक तिसरं चाक आडवं बसवलं, त्यावर पंखाचा नमुना लावला आणि वारा मिळावा म्हणून जोरजोरात सायकल मारली. १७ डिसेंबर १९०३ रोजी जे पहिलं विमान उडालं, त्याचे पंखे फिरत होते सायकलसारख्याच चेनवर आणि दातेरी चक्रांवर. पहिलं उड्डाण बारा सेकंद, एकशेवीस फूट. आमच्या गावच्या उतारावर पोरं हात सोडून याहून लांब जातात.

म्हणजे सायकल ही विमानाची कुणी लांबची पाहुणी नव्हे, सख्खा बाप आहे. पोरगं शिकलं, साहेब झालं, आणि गावाकडून म्हातारा आला की त्याला विचारतं, "आपण कोण? आधी हातपाय काढून खोक्यात बसा, मग पाहू." हे मी काउंटरवर बोललो नाही. माझी साहेब झालेली मुलगी शेजारीच उभी होती, आणि तिनं न बोलता पंच्याहत्तर युरो भरले. तिचे डोळे ओले होते. मग मीही गप्प बसलो.

कंपनीची बाजू मला समजत नाही असं नाही. जागा अडते, उचलणाऱ्याच्या पाठीला त्रास होतो, बाहेर आलेलं पायडल दुसऱ्याच्या बॅगेत घुसतं. पायडल काढा, हँडल वळवा, भाडंही घ्या, सगळं मान्य. पण पावतीवर तिला खेळ म्हणू नका. जगात कितीतरी माणसं तिच्यावर पोट नेतात. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला ट्रक निघतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं असा सगळा संसार त्यावर असतो, आणि वर दोरीनं बांधलेली सायकल. अडा माणूस जेव्हा सहा महिन्यांसाठी फक्त लागेल तेवढंच नेतो, तेव्हाही ती बरोबर नेतो. त्याला विचारा, ती क्रीडासाहित्य आहे का.

राहिला गावाचा आरोप. खोकं मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या टपावर चढलं. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "टाका की वर, काका." फॉर्म नाही, हवा नाही, राइट बंधू नाहीत. सकाळी केजला पंक्चरवाल्यानं अर्ध्या तासात सायकल उभी केली. मडगार्ड वाकलं होतं, ते हातोडीच्या दोन ठोक्यांत सरळ. मी गावात शिरलो तर पारावर सभा भरलेली.

"गुर्जी, विमानातून सायकल आनली? कामून? पोरीनं गाडी नाही दिली व्हय?"

पंचवीस वर्षांत प्रश्न बदलला नव्हता. पोरीला सायकल दिली तेव्हा ती जास्त होती, आता बापानं आणली तर ती कमी आहे. आमच्या लेखी सायकल नेहमी चुकीच्याच माणसाकडं असते. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या तीस वर्षांत या जिल्ह्यातल्या किती पोरी सायकलवर शाळेला गेल्या! वाट पाहायची ती गोष्ट आम्हाला मोठी वाटते. जी रोज दारात उभी असते, तिची लाज वाटते.

परवा शेजारची आठवीतली पोर आली. म्हणाली, "आजोबा, मला शिकवता का?" सीट उंच होतं, ते खाली केलं. उलट्या ब्रेकचं आधी सांगितलं. आमच्याकडं कालवा नाही, पण नाली आहे. तिसऱ्या दिवशी ती पारापर्यंत एकटी गेली आणि घंटी वाजवत परत आली.

संध्याकाळी तिचा बाप आला. दारातूनच म्हणाला, "गुर्जी, पोरीला सायकल कामून?"

मी त्याला आत बोलावलं, बसवलं आणि सौ.ला चहा टाकायला सांगितलं. मुद्दा मोठा आहे. वेळ लागणार.