चहाच्या सुट्टीतलं कोडं: कौतुक की परीक्षा?



स्टाफच्या कौतुकावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, दिवाळीला बोनस देतोच. पण मधेअधे, खिशाला परवडेल असं काय करता येईल?" माझं उत्तर आहे, चहाच्या सुट्टीत एक कोडं घाला. पण यात मी स्वतः एकदा सपशेल चुकलोय, ते आधी सांगतो.

मसाला पॅकिंगचं एक छोटं युनिट. १२ माणसं. मी मालकांना सुचवलं, रोज पेपरातलं शब्दकोडं भिंतीवर लावा, जो सोडवेल त्याला ५० रुपये. आठ दिवस मजा आली. मग लक्षात आलं, की नोट रोज बिलिंगवाल्या ताईंकडेच जातेय आणि माल उतरवणारे मामा चहाचा ग्लास घेऊन बाहेर टेम्पोपाशी जाऊन बसतायत. त्यांना वाचायला जमत नव्हतं. वीस वर्षं राबलेल्या माणसाला मी रोज सगळ्यांदेखत नापास करत होतो. आणि म्हणत काय होतो, तर कौतुक!

कागद काढून टाकला, बक्षीसही बंद केलं. त्याऐवजी शनिवारी सगळ्यांना भजी, आणि कोडं फक्त तोंडी. पहिलंच घातलं ते तराजूचं: दोन पारड्यांचा काटा आहे, वजनं चारच, १, ३, ९ आणि २७ किलोची. १ पासून ४० किलोपर्यंत कुठलाही पूर्ण किलोचा माल तोलून दाखवा.

सगळे २ किलोवरच अडले. दोनचं वजनच नाही ना! मामा दारातूनच म्हणाले, "तीनचं एका पारड्यात टाका अन् एकचं मालाच्या बाजूला." मग ५ किलो? नऊचं इकडे, तीनचं आणि एकचं मालासोबत. मामांनी काट्यावर आयुष्य काढलंय, त्यांना कागद कशाला लागतोय? त्या दिवशी बिलिंगवाल्या ताई त्यांच्याकडून समजून घेत होत्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कोडं निवडताना आपल्याकडची माणसं डोळ्यांसमोर आणा. सुडोकूही चालतं, त्यात अंक ओळखता आले की झालं, बेरीजसुद्धा करावी लागत नाही. ज्याला खेळायचं नाही, त्याला डोळे मिटून बसू द्या. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे १९४८च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. तो वेळ त्यांचा आहे. त्यात "टीम बिल्डिंग" घुसवायचं नाही, आणि मालकांनी स्टेटसला टाकायला मोबाइल घेऊन समोर उभं राहायचं नाही. (हो, तुम्हालाच म्हणतोय!)

आणखी एक. पगार पंधरा तारखेपर्यंत लटकवायचा आणि सुट्टीत कोडी घालायची, असं करणार असाल तर नकाच करू. माणसं मनात एकच कोडं सोडवत बसतील, हप्ता कुठून भरायचा.

त्या युनिटमध्ये आता कोडं बहुतेक मामाच घालतात, गावाकडची हुमाणं. परवा मालकांचा फोन आला होता. दोन दिवस झाले, एक सुटत नाहीये, आणि मामा उत्तर सांगायला तयार नाहीत.