कर्जाबरोबर माणूसही हवा

गावाकडे कुटुंब ठेवून मुंबईत राहणाऱ्या गिरणी कामगारांना गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रिया वर्षानुवर्षे दोन वेळचे जेवण घालीत आल्या. कामगारांकडून पैसे मिळत ते पगार झाल्यावर. वाण्याचे देणे मात्र रोजचे. ही तोंडमिळवणी सावकाराच्या व्याजावर चाले. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या स्त्रियांपाशी ना तारण होते, ना बँकेची पायरी चढण्याचे धैर्य. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेचे कर्ज या स्त्रियांपर्यंत पोचविले. पैसा होता, कष्टही होते. उणीव होती ती मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाची.

ती उणीव अद्याप भरून निघालेली नाही. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. २०२० साली त्यांच्यासाठी विनातारण कर्जाची केंद्रीय योजना आली. तिच्यातील पहिले कर्ज १० हजार रुपयांचे होते, ते २०२५ साली १५ हजारांवर नेण्यात आले. परंतु कर्ज मंजूर होणे आणि धंदा उभा राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रीचा परवाना मिळविणे, घरखर्च आणि गल्ला वेगळा ठेवणे, उधारी आवरणे, हप्ता थकण्यापूर्वी बँकेशी बोलणे, हे शिकविण्यास गल्लीत येणारा जाणता कार्यकर्ता लागतो.

हे काम सेवाभावाने फावल्या वेळी करावयाचे, अशी समजूत रूढ आहे. म्हणूनच ते बहुतेक ठिकाणी मानधनावर किंवा कंत्राटावर चालते. वाणिज्य वा समाजकार्याची पदवी घेतलेला तरुण स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षे घालवितो; कारण वस्तीतील या कामात त्याला ना स्थैर्य दिसते, ना बढती. जो कार्यकर्ता वर्षभरात सोडून जातो, त्याच्याबरोबर वस्तीचा विश्वासही जातो.

अशा मध्यस्थांतून नवे दलाल निर्माण होतील, ही शंका अनाठायी नाही. दलालाला आपली गरज कायम राहावी असे वाटते. कार्यकर्त्याचे यश मात्र ती गरज संपण्यात असते. तेव्हा त्याच्या कामाचे मोजमाप भरलेल्या अर्जांच्या संख्येवर न करता, दोन वर्षांनी किती दुकाने आपल्या बळावर चालू आहेत यावर केले पाहिजे. २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना किमान ४० टक्के जागा दिल्या आहेत. त्या समितीपुढे या कामाचा हिशेब दरवर्षी मांडता येईल.

महापालिका, बँका आणि विद्यापीठे यांनी एकत्र येऊन या कामास रीतसर प्रशिक्षण, निश्चित वेतन आणि सेवेची शाश्वती द्यावी. कोपऱ्यावरचे दुकान बंद पडते तेव्हा त्याची बातमी होत नाही. एका घराची चूल मात्र विझते. ती पेटती ठेवण्याचे काम केवळ धर्मादाय वृत्तीवर सोडून चालणार नाही.