नकाशा आणि निवारा

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यास घराची विवंचना फार काळ करावी लागत नाही. आज ना उद्या सरकारी निवासस्थान पदरात पडते, आणि मग आमच्या बैठकींतून अनधिकृत वसाहतींविषयी तिटकाऱ्याने बोलणे सुरू होते. ‘कायदा म्हणून काही आहे की नाही?’ हा तेथील ठरलेला प्रश्न. त्यास आमचे उत्तर असे की, कायदा आहे. आणि दुखणे त्या कायद्यातच आहे.

१९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहराच्या वाढीस लागणारी जमीन सरकारनेच संपादन करावी, विकसित करावी आणि वाटावी, हे धोरण १९६१ मध्ये ठरले. १९६२ मध्ये पहिली बृहद् योजना अमलात आली. निवास, व्यापार, कारखाने, शेती असे शहराचे विभाग पाडण्यात आले. हेतू चांगला होता: जमिनीचा सट्टा थांबावा. परंतु सरकारी भूखंड व गाळे मागणीच्या मानाने तोकडे पडले, आणि इतरांनी घरे बांधण्याची वाट नियमांनी अडविली. माणसे मात्र येतच राहिली. नकाशात शेतीची म्हणून रंगविलेली जमीन तुकड्यातुकड्यांनी घेऊन, मुखत्यारपत्राच्या आधारे, त्यांनी घरे उभारली. २०१९ साली अशा रहिवाशांचे मालकी हक्क मान्य करणारा कायदा संसदेस करावा लागला, तेव्हा या वसाहती १,७३१ भरल्या. इतके अपराधी एकाच शहरात निपजले असे मानण्यापेक्षा नकाशा चुकला असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे नव्हे काय?

त्याच नकाशाचे दुसरे टोक म्हणजे ल्युटेन्स बंगला क्षेत्र. सुमारे २८ चौरस किलोमीटरांच्या या क्षेत्रात नव्या बांधकामाने जुन्या बंगल्याचा विस्तार व उंची ओलांडू नये, असे १९८८ च्या निर्देशांनी ठरविले. शहराच्या मध्यभागी, कचेऱ्यांच्या दारात, सर्वांत विरळ वस्ती. आणि त्या कचेऱ्या झाडणारा कंत्राटी कामगार दोन बस बदलून शहराच्या कडेवरून येणार! याला नियोजन म्हणावे, तर अन्याय कशाला म्हणावे?

नियम बदलता येत नाहीत असेही नाही. सरोजिनीनगर, नेताजीनगर आदी सात सरकारी वसाहतींतील १२,९७० घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे बांधण्यास मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्यता दिली. आमच्यासाठी चटईक्षेत्र वाढू शकते. आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईसाठी तेवढे ते वाढू शकत नाही!

यावर झाडांचा मुद्दा पुढे येतो, आणि तो खोटा नाही. त्याच सात वसाहतींतील वृक्षतोड २०१८ मध्ये उच्च न्यायालयास थांबवावी लागली. झाडे वाचविलीच पाहिजेत. पण मध्यभागी माणसांना मज्जाव केल्याने शहर थांबत नाही. ते शेतांवर आणि यमुनेच्या पूरक्षेत्रावर पसरते. पाण्याचेही तेच. गरीब माणूस कडेला राहिला म्हणून त्याची तहान कमी होत नाही. तो टँकरची वाट पाहतो, इतकेच.

केवळ मजले चढविल्यानेही न्याय होणार नाही. वाढीव चटईक्षेत्र बिल्डरच्या घशात गेले, तर महाग घरांत भर पडेल. सामूहिक गृहरचनेत दुर्बल घटकांसाठी किमान १५ टक्के चटईक्षेत्र किंवा ३५ टक्के घरे, यांपैकी जे अधिक असेल ते राखावे, असा दंडक २००७ च्या बृहद् योजनेत होता. जेथे जेथे वाढीव बांधकामास मुभा मिळेल, तेथे हा वाटा त्याच जागी आणि पहिल्या टप्प्यातच बांधून घ्यावा. मेट्रोलगतच्या विभागांत लहान घरांना आधी परवानगी द्यावी, आणि बंगल्यांचे क्षेत्रही या विचारातून वगळू नये.

ही मागणी आम्ही आमच्याच वाचकांपुढे ठेवतो, कारण अशा प्रस्तावांच्या फायली त्यांच्या मेजांवरून जातात. आपल्या खिडकीसमोरची हिरवळ आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर यांत निवड करावयाची वेळ आली, तर शेरा कोणत्या बाजूने लिहिला जातो, एवढेच आम्ही पाहणार आहोत.