सरड्याचा रंग आणि आपली नजर

आपल्या भाषेने काही प्राण्यांवर फार अन्याय करून ठेवला आहे. राबणाऱ्या गाढवाला मूर्ख ठरवलं. कावळ्याला अशुभ ठरवलं, आणि पितृपक्षात मात्र त्याचीच वाट बघत ताटकळत बसलो. सरड्याच्या वाट्याला लबाडी आली. शब्द फिरवला, बाजू बदलली, की आपण लगेच म्हणतो, "बघा, सरड्यासारखा रंग बदलला!" आमच्या गोव्यात तर ही उपमा बारमाही उपयोगी. २०१९ च्या जुलैत दहा आमदारांनी पक्ष बदलला, २०२२ च्या सप्टेंबरात आठांनी. त्या दिवसांत सरड्याची आठवण न काढलेला माणूस शोधूनही सापडला नसता. सरड्याला विचारलं असतं तर त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला असता.

गंमत बाजूला ठेवून सांगतो, रंग बदलणारा सरडा लबाड नसतो. उलट त्याच्याइतका प्रामाणिक प्राणी विरळा. मी इथे म्हणतोय तो कुंपणावर बसून मान हलवणारा आपला नेहमीचा सरडा नव्हे (तोही थोडेफार रंग बदलतो), तर खरा शॅमेलिऑन. कोकणात त्याला घोयरा म्हणतात. दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, शेपटीची गुंडाळी करणारा, एकेक पाऊल विचार करून टाकणारा.

हा प्राणी आजूबाजूच्या पानांत मिसळून जाण्यासाठीच रंग बदलतो, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. अभ्यासक वेगळं सांगतात. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की रंग बदलण्याची ताकद त्यांच्यात वाढत गेली ती लपण्यासाठी नव्हे, तर एकमेकांना ठळक दिसण्यासाठी. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक दाखवले. प्राणी शांत असला की हे स्फटिक जवळजवळ असतात, खवळला की एकमेकांपासून दूर सरकतात, आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. थोडक्यात काय, तर रंग म्हणजे त्याचं बोलणं. थंडी वाजतेय, राग आलाय, मादी जवळ नको म्हणतेय, भीती वाटतेय, हे सगळं तो कातडीवर लिहून दाखवतो. लपवतो ते मात्र दुखणं.

आता तुम्ही म्हणाल, हे पुराण आज कशाला? तर हा प्राणी आता लोकांच्या घरात पोचलाय म्हणून. आपला घोयरा नव्हे. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. जगभर पाळला जातो तो मुख्यतः येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगरउतारांवरचा, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असलेला. तोही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत असल्यामुळे २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर भारतात त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. कागदपत्रांशिवाय कोणी स्वस्तात देत असेल तर तिथूनच परत फिरावं.

आमच्या घराण्यात हा प्राणी आला तो विलायतेत. इंग्लंडातल्या स्विंडन गावात गोंयकारांची मोठी वस्ती आहे. माझी भाची तिथेच असते. तिने तीन वर्षांपूर्वी येमेनी जातीची एक मादी पाळली आणि नाव ठेवलं चिंगी. माझी बहीण सहा महिने तिच्याकडे राहायला गेली, आणि आधी "शी, हें कितें?" म्हणणारी तीच बाई आठवड्याभरात चिंगीला चिमट्याने किडे भरवू लागली. गोव्याची आई ती! समोरच्याने खाल्लं की तिला बरं वाटतं. रोज दोन किडे जास्त, कधी चार.

एका शनिवारी सकाळी भाचीचा फोन आला. चिंगी पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती, डोळे मिटलेले, रंग काळपट. मागून बहिणीचा आवाज ऐकू येत होता, "पोटांत कितें तरी वचपाक जाय गो!" ती चमच्याने पाणी पाजायला निघाली होती. भाचीने तिला अडवलं, चिंगीला डब्यात घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. क्ष-किरण फोटोत पोटभर अंडी दिसली. चाळिसाच्या वर. नर जवळ नसतानाही या जातीची मादी अंडी धरते, एका वेळी वीसपासून साठ-सत्तरपर्यंत. ती घालायला तिला खोल, ओलसर वाळू-माती लागते, निदान वीतभराहून जास्त, आत बोगदा खणला तर ढासळणार नाही अशी. जागा नाही मिळाली, किंवा अंगात कॅल्शियम कमी पडलं, तर अंडी आतच अडकतात.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ही कोपरे कधीपासून उकरतेय?" दोघी मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोन आठवडे उकरत होती. अंगावर निळे-पिवळे ठिपकेही आले होते, आणि ते इतके सुंदर दिसत होते की त्यांचे फोटो सगळ्या नातेवाईकांना पोचले होते. मलाही आला होता. तो रंग म्हणजे 'मी गाभण आहे' अशी पाटी होती. ती वाचता येणारं घरात कोणी नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, पण चिंगी दुसऱ्या दिवशी गेली.

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. त्या शनिवारी भाचीने जे केलं ते सगळं बरोबरच होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की 'अचानक आजारी पडली' हे वाक्य अशा प्राण्यांच्या बाबतीत बहुतेकदा खरं नसतं. रानात जो आजारी दिसतो त्याला पक्षी किंवा साप आधी उचलतो. त्यामुळे हा प्राणी शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग आणतो. कुत्रं कण्हतं, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं, गाय वैरण सोडते. हा फांदीवर जिथे होता तिथेच बसून असतो. सोंग टिकवायची ताकद संपते त्या दिवशी आपण म्हणतो, अचानक झालं.

तेव्हा ओळखायचं कसं? दिवसाउजेडी डोळे मिटलेले दिसले तर ती डुलकी समजू नये. निरोगी शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. डोळ्यांचे उंचवटे आत गेले असतील तर अंगात पाणी कमी आहे. विष्ठेसोबत पडणारा पांढरा भाग पिवळा-नारिंगी झाला तरी तेच. पकड सैल पडली, फांदीवरून पडला, कोपरं-गुडघ्यांत बाक आला, जबडा मऊ लागला, तर हाडांतलं कॅल्शियम ओसरतंय. ऊन खाण्याच्या दिव्याखाली नसतानाही तोंड उघडं ठेवून मान वर करून श्वास घेत असेल, तोंडाशी बुडबुडे दिसत असतील, तर छातीचा विकार. जीभ बाहेर राहिली आणि आत जाईना, किंवा मागच्या बाजूने काही बाहेर आलं, तर तासांचा प्रश्न. आणि रंग! चिडल्यावर काळवंडणं वेगळं, ते थोड्या वेळात जातं. दिवसभर काळपट किंवा फिका राहिला, तर तो काहीतरी सांगतोय.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, काय करायचं नाही ते. तोंड उघडून पाणी ओतायचं नाही. अशक्त प्राण्याच्या श्वासनळीत ते जातं आणि वाचणारा जीवही जातो. जबरदस्तीने भरवायचं नाही. गार पडलेल्या किंवा आजारी सरड्याला अन्न पचत नाही. घरातल्या माणसांच्या गोळ्या चुरून द्यायच्या नाहीत. दर पाच मिनिटांनी हातात घेऊन "कसा आहेस रे" विचारायचं नाही. आपला स्पर्श त्याला धीर देत नाही, तो त्याला शिकाऱ्याची पकड वाटते.

आता करायचं ते. थर्मामीटर बघा, दिवा बंद पडलाय का, पिंजरा फार तापलाय का. पाणी द्यायचंच असेल तर पानांवर बारीक फवारा मारा. हा प्राणी वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. स्वतःहून चाटलं तर ठीक. बाहेर आलेली जीभ किंवा आतडं स्वच्छ पाण्याने ओलं ठेवा, ओढू नका, आत ढकलू नका. हवेशीर डब्यात मऊ कापड आणि धरायला एक काडी ठेवा, वर अंधार करा आणि ऊब सांभाळून डॉक्टर गाठा. सोबत ताज्या विष्ठेचा आणि पिंजऱ्याचा फोटो न्या, दिवा कधी बदलला ते सांगा. ड-जीवनसत्त्वासाठी जो अतिनील किरणांचा दिवा लावतात, तो काही महिन्यांनी निकामी होतो, पण उजेड मात्र देतच राहतो. घरात सगळ्यांना वाटतं दिवा चालू आहे, आणि इकडे जनावराची हाडं झिजत असतात.

माझं मत विचाराल तर खरी अडचण आपल्या मायेत आहे. आपल्याकडे माया म्हणजे भरवणं. पाहुणा आला, भरवा. पोर रडलं, भरवा. जनावर मलूल दिसलं, पेज पाजा. गाईगुरांच्या, कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ही माया हजारो वर्षं खपून गेली, कारण ते प्राणी आपल्यासोबत राहून आपल्याला बोलायला शिकले. शॅमेलिऑन शिकलेला नाही. येमेनी मादीला जास्त खायला घातलं आणि जास्त उबेत ठेवलं तर ती जास्त अंडी धरते. म्हणजे आपण लाड म्हणून जो घास देतो, तोच तिच्या पोटात चाळीस अंडी होऊन बसतो. जाणकार म्हणूनच वाढ पूर्ण झालेल्या मादीला एकाआड एक दिवस, मोजके किडे देतात. माझ्या बहिणीला हे कळलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

इथे माया करायची तर ती नजरेने करावी लागते. सकाळी पाच मिनिटं, हात मागे बांधून नुसतं बघायचं. आज डोळे कसे, पकड कशी, रंग कुठला. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या जीवाचे दहा ग्रॅम उतरले तर डोळ्यांना कळत नाही, वहीला कळतं. मादी असेल तर मातीची कुंडी पिंजऱ्यात कायम हवी, ती उकरायला लागल्यावर धावाधाव करून नव्हे. खणत असताना तिच्याकडे टक लावून बघायचंही नाही. कुणी बघतंय असं वाटलं की ती काम सोडून देते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्राणी घरी आणण्याआधी डॉक्टर शोधा. आपल्याकडचे पशुवैद्य गुरं, कुत्री, मांजरं उत्तम बघतात. सरपटणाऱ्यांवर उपचार करणारा, शंभर ग्रॅमच्या जीवाला भूल देऊ शकणारा डॉक्टर गावोगाव मिळत नाही. तो तुमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर नसेल तर हा प्राणी पाळू नका. पाळणाऱ्याला हे बोलणं कडू लागेल, लागू दे. पिंजरा, दिवे, किडे हा खर्च सगळे मोजतात. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवसाचा खर्च आणि ते अंतर कुणी मोजत नाही.

रानातला घोयरा जखमी दिसला तर वनखात्याला कळवा. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवा, तो सावकाशच जाणार. आणि सोबत मूल असेल तर "बघ, कसा रंग बदलतो लबाड" असं त्याला सांगू नका. "बघ, तो काय सांगतोय ते" असं म्हणा. त्या मुलाने मोठेपणी काही पाळलं तर निदान बघायची सवय तरी त्याला लागलेली असेल.