मुलीचे दात आणि मुलाचे तोंड

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. घरात आम्ही दखनी बोलतो. तिने सरळच विचारले, "मामू, दातां सफेद कर लेऊं क्या?"

भाची बी.कॉम. झालेली आहे आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. रमजान ईदनंतर तिचा निकाह ठरला आहे. मंगनीच्या दिवशी मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिची हनुवटी धरून हसत हसत म्हटले होते, "दुल्हन अच्छी है, बस दातां जरा पीले हैं." बाई बोलून मोकळ्या झाल्या, पण माझ्या आपाची झोप उडाली. दोन दिवसांत कुणीतरी शहरातल्या एका क्लिनिकचे पत्रक आणून दिले. दीड तासात दात पांढरे, चौदा हजार रुपये. हा आकडा भाचीच्या महिन्याच्या पगारापेक्षा मोठा आहे. आपा सोन्याच्या खर्चातून ते काढायला तयार होती.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे साबणापासून औषधापर्यंत सगळे प्रश्न आमच्या खानदानात माझ्याकडेच येतात. मी दंतवैद्य नाही. पण दात पांढरे करणे म्हणजे मुळात रसायनशास्त्रच आहे, म्हणून तेवढे तिला नीट समजावून सांगितले. तेच आधी इथे मांडतो, कारण हा प्रश्न एकट्या तिचा नाही.

दाताचे वरचे कवच अर्धपारदर्शक असते. त्याच्या खालचा थर मुळातच पिवळसर असतो. वय वाढते तसे कवच झिजून पातळ होते, आतला थर जाड होतो आणि दात अधिक पिवळा दिसतो. म्हणजे थोडा पिवळेपणा हा आजार नाही, ती दाताची जात आहे. दंतवैद्यांकडे रंग जुळवण्यासाठी नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. व्हिटा कंपनीच्या जुन्या, सर्वांत रुळलेल्या पट्टीत सोळा छटा आहेत. त्या सोळांत कागदासारखा पांढरा दात एकही नाही. तो पांढरा रंग पडद्यावरून आला आहे.

दुसरा पिवळेपणा वरून चढलेला असतो. चहा, पान, तंबाखू आणि दातांवर साचलेले कीटण ही त्याची कारणे. हा डाग दंतवैद्य दात साफ करतात तेव्हाच बराचसा निघतो, त्याला रसायन लागत नाही. तिसरा डाग दाताच्या आतला. लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड गेले असेल, विशिष्ट प्रतिजैविके दिली गेली असतील किंवा मार लागून दाताची नस मेली असेल, तर रंग आतूनच बदलतो. अशा दातांना साध्या पांढरे करण्याने कधी थोडा फरक पडतो, कधी पडत नाही. फ्लोराइडचे पांढरे ठिपके तर सुरुवातीला उलट उठून दिसू शकतात.

पांढरे करण्याचे औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा तोंडात गेल्यावर त्यात रूपांतर होणारे कार्बामाइड पेरॉक्साइड. ते दात घासत नाही. ते कवचातून आत शिरते आणि रंग देणारे मोठे रेणू तोडून लहान, बिनरंगी करते. क्लिनिकमध्ये साधारण २५ ते ४० टक्के तीव्रतेचे औषध वापरतात. म्हणूनच आधी हिरड्यांवर संरक्षक थर द्यावा लागतो, नाहीतर त्या भाजतात. दुसरी पद्धत घरी करायची. दातांच्या मापाचा पातळ साचा करून घ्यायचा, त्यात १० टक्क्यांच्या आसपासचे कार्बामाइड पेरॉक्साइड भरायचे आणि दोनेक आठवडे रात्री लावून झोपायचे. ही पद्धत १९८९ मध्ये दोन अमेरिकी दंतवैद्यांनी प्रसिद्ध केली. ती हळू चालते आणि बहुधा स्वस्तही पडते, पण शेवटी परिणाम जवळपास तेवढाच मिळतो. क्लिनिकमध्ये तोंडासमोर धरतात त्या निळ्या दिव्याने फारसा फरक पडत नाही. दिव्याचा रुबाब मात्र मोठा.

पत्रकात काही गोष्टी लिहिलेल्या नव्हत्या. उपचारानंतर काही दिवस थंड-गरम लागले की दात शिवशिवतात. पहिल्या दिवशी दात जास्तच पांढरे दिसतात, कारण ते तात्पुरते कोरडे पडलेले असतात. मग रंग थोडा खाली बसतो. आधीची सिमेंटची भर किंवा टोपी पांढरी होत नाही, तिचा रंग आहे तोच राहतो. आणि पांढरेपणा कायमचा नसतो. चहा-पान सुरू असेल तर काही महिन्यांत, जपले तर वर्ष-दोन वर्षांत तो ओसरतो. युरोपीय संघाने २०१२ पासून ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्याच्या मार्फत द्यावीत आणि १८ वर्षांखालच्यांना देऊ नयेत असा नियम केला आहे. हे काम ब्यूटी पार्लरचे नाही, एवढे त्यावरून समजावे. आणि लिंबू-सोडा, कोळसा, राखुंडी यांचे घरगुती प्रयोग तर नकोच. आंबटाने कवच विरघळते, खरखरीत पुडीने घासले जाते, आणि गेलेले कवच पुन्हा येत नाही.

एवढे सांगून मी म्हटले, "बेटा, आधी डॉक्टरांना दाखवू. मग ठरव."

आम्ही तिघे गेलो. तपासणीत निघाले ते असे. बराचसा पिवळेपणा कीटणाचा आणि चहाचा होता. मागच्या दोन दाढांच्या मध्ये कीड लागली होती, जी कुणाला दिसत नव्हती. किडलेल्या दातावर तसेच हे औषध लावले असते तर ते आत नसेपर्यंत पोहोचून चांगलाच ठणका लागला असता. दात साफ करायला आठशे रुपये लागले, कीड काढून भरायला बाराशे. घरी येऊन भाचीने आरशात पाहिले आणि म्हणाली, "एवढेच होते होय?"

इथे लेख संपवता आला असता. दोन हजारांत काम झाले, बारा हजार वाचले. पण मला त्या "बस दातां जरा पीले हैं"ची ठसठस होती.

माझ्या नानीचे दात काळे होते. ती मिश्री लावायची, तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू. त्याआधीच्या पिढ्यांत आपल्या दख्खनी मुसलमान घरांत सुवासिनी मिस्सी लावायच्या. काळे दात, काळपट हिरड्या म्हणजे शृंगार. मराठी घरांतही दात काळे करायला दातवण होते. दोन्हींत हिरडा, मायफळ, हिराकस अशाच वस्तू. जपानमध्येही विवाहित बायका लोखंडाच्या द्रावणाने दात काळे करत, आणि १८७० साली तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना ती पद्धत सोडायला लावली. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी माझ्या भाचीला कुणीतरी हनुवटी धरून म्हटले असते, "दुल्हन अच्छी है, बस दातां जरा सफेद हैं." रंग बदलला. हनुवटी मात्र मुलीचीच धरली जाते.

कुणी म्हणेल, दीनमध्ये हे चालते का? आपाने मशिदीत विचारूनही आणले होते. सौंदर्यासाठी दात कानशीने घासून त्यांच्यात फटी पाडणाऱ्यांची हदीसमध्ये कडक शब्दांत निंदा आली आहे. पण बहुतेक उलेमा डाग काढणे त्यात धरत नाहीत, कारण त्यात दाताचा आकार बदलत नाही, तो फक्त उजळतो. अर्फजा नावाच्या सहाबींचे नाक लढाईत गेले होते. त्यांना सोन्याचे नाक बसवण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच आधारावर फकीहांनी सोन्याच्या दाताचाही विचार केला. तेव्हा जायज-नाजायज हा मला इथला खरा प्रश्न वाटत नाही. जायज गोष्टसुद्धा कुणाच्या धाकाने करावी का, हा आहे.

आणि दीनचाच दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा. उम्मतीला जड जाईल ही काळजी नसती तर प्रत्येक नमाजेआधी मिस्वाकचा हुकूम दिला असता, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, शेजाऱ्याला त्रास होतो, हेही ऐकतो. यात नवरीच्या दातांचा रंग कुठे आहे? तोंड स्वच्छ ठेवण्याचा हा आग्रह आहे, आणि तो पुरुषांनाही तेवढाच आहे.

आता जे लिहितो ते लिहायला मला लाज वाटते. मंगनीच्या दिवशी मुलगा तीनदा उठून दाराबाहेर थुंकायला गेला होता. गालात मावा होता. समोरच्या दातांच्या कडा तांबूस-काळ्या झालेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. दूल्हाभाईंनी पाहिल्या, मी पाहिल्या. कुणी बोलले नाही. मुलगा कमावता आहे, घर चांगले आहे, आणि "मुलं खातातच." मुलीच्या दातांची छटा मोजली गेली, मुलाचे तोंड उघडून कुणी पाहिले नाही.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्याआधी १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू घालायला मनाई केली. तरी टपरीवर मावा मळला जातो आणि घरात मिश्री भाजली जाते. पुष्कळांना वाटते, तंबाखू नसली की नुसती सुपारी निरुपद्रवी. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालाची आतली कातडी ताठर होत जाते. तिखट झोंबते आणि तोंड हळूहळू कमी उघडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. अशा तोंडात दात पांढरे करून घेणे म्हणजे घराला तडा गेलेला असताना रंग काढणे. डाग हा निरोप असतो. तो वाचायच्या आधी पुसू नये.

दवाखान्यातून आल्यावर भाची मला म्हणाली, "मामू, मी दाखवून आले. आता त्यांनाही एकदा दाखवायला सांगा ना." आपा घाबरली. मुलीकडच्यांनी असे कसे बोलायचे? मी मुलाच्या वडिलांना फोन केला. आधी बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "अहो, आमच्यात सगळेच खातात." मी म्हटले, "भाईजान, आमच्यातही. म्हणूनच फोन केला."

आठवड्याने मुलाचाच फोन आला. तो दाखवून आला होता. तीन बोटे जेमतेम जातात, तिखट झोंबते, डॉक्टरांनी मावा आजपासून बंद करायला सांगितले आहे. सोडतो म्हणाला. सोडेल का, ते मी सांगू शकत नाही. पण त्याने ते स्वतः सांगितले, याचे मला बरे वाटले. निकाह ठरल्या तारखेलाच आहे. भाचीने अट घातली नाही. तिने प्रश्न विचारला, आणि आमच्या घरात मुलीने लग्नाआधी असा प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ आहे.

तर पांढरे करून घेणे पैसे वसूल करते का? माझे मत असे. आधी तपासणी, साफसफाई आणि किडीचा इलाज. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. त्यानंतरही रंग मनाला खटकत असेल, दात निरोगी असतील, पैसे स्वतःचे असतील आणि ते टिकाऊ नाही हे ठाऊक असेल, तर दंतवैद्याकडून खुशाल करून घ्यावे. हसताना तोंडावर हात न्यावा लागत असेल, तर त्या हाताला मोकळे करण्याचीही किंमत असते. ती चैन आहे म्हणून मी कुणाला हिणवणार नाही. पण कुणी हनुवटी धरून मागितलेला पांढरेपणा हा हुंड्याचाच एक हप्ता आहे. हुंडा न घेण्याचे भाषण करणाऱ्या आपल्या समाजाने तो ओळखायला शिकले पाहिजे.

भाचीने चौदा हजारांचे पत्रक अजून फेकलेले नाही. "नंतर बघू, माझ्या पगारातून," म्हणाली. तिच्या कपाटात ते राहू दे. सध्या ती रोज दोनदा दात घासते, आणि तिच्या मंगेतराने परवा तिला मिस्वाकचा फोटो पाठवला होता.