कार्यालयीन मराठीतील हरवलेला कर्ता

कार्यालयीन लेखन हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे आपण मानीत आलो आहोत. हा समज तपासून पाहावयास हवा. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हे मुळात राज्यकारभाराचेच लेखन होय. आरमारास लाकूड हवे म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. गरजच पडली तर जीर्ण झालेले झाड धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे ते बजावते. काय करावे, कसे करावे आणि का, याविषयी तेथे संदेह उरत नाही.

१९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर भाषा संचालनालयाच्या कोशांनी कारभाराच्या मराठीस संज्ञा पुरविल्या. परंतु वाक्य कोशातून मिळत नाही. ‘उचित कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यात कर्ता नाही, मुदत नाही, कारणही नाही. असे पत्र हाती आलेल्या माणसाने दाद मागावी तरी कोणाकडे? संस्कृतप्रचुर शब्दांहून हा कर्तृलोप अधिक घातक आहे, कारण त्यात जबाबदारीच लोप पावते. म्हणून भाषाविभागांनी विद्यार्थ्यांकडून पत्रांचे नमुने घोकून घेण्याऐवजी त्यांना प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावयास शिकवावे.