भांडवलाला वाट, श्रमाला वेठ

उद्योजकाला आता साऱ्या जगाचे दरवाजे खुले आहेत, अशी ग्वाही देणारी सल्लागारांची दुकाने मुंबई-पुण्यात थाटली गेली आहेत. अंगी कर्तृत्व हवे, डोक्यात कल्पना हवी, बाकी सरहद्दींचे काय एवढे, असा एकंदर सूर. हा दावा अमेरिकेच्या कायद्याशी ताडून पाहिला म्हणजे त्यातले वर्गीय सत्य आपोआप उघडे पडते.

१९९० साली अमेरिकी काँग्रेसने स्थलांतरविषयक कायदा केला. त्या एकाच कायद्याने दोन दरवाजे उघडले. पहिला ईबी-५. ठरावीक भांडवल गुंतवा, दहा जणांना रोजगार द्या आणि कायमचे रहिवासी व्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम साडेदहा लाख डॉलर झाली. ग्रामीण अथवा बेकारीग्रस्त भागात गुंतवणूक केल्यास आठ लाख. आता या ‘बेकारीग्रस्त भागा’ची करामत पाहा. न्यूयॉर्कमधील हडसन यार्ड्स या गगनचुंबी श्रीमंती वसाहतीला हार्लेमच्या गरीब वस्त्यांशी नकाशावर जोडण्यात आले आणि गरिबांच्या बेकारीच्या आकड्यांवर धनिकांच्या इमारतींसाठी या योजनेतून पैसा उभा राहिला. गुंतवणूकदाराला तेथे स्वतः उद्योग चालवावा लागतो असेही नाही. उद्योजकता ती कुठली? ही तर निवासाची खुली विक्री!

दुसरा दरवाजा एच-१बी चा, कुशल नोकरदारासाठी. तेथे अर्ज माणसाच्या नावाने होत नाही, मालक करतो. नोकरी गेली की दुसरा मालक शोधण्यास फार तर साठ दिवस. कायमच्या निवासासाठी एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दशकानुदशके हलत नाही. या काळात मूल एकवीस वर्षांचे झाले, तर आईबापांच्या व्हिसावरचा त्याचा आधारही संपतो.

आणि ज्याच्या नावाने ढोल पिटले जातात, तो लहान उद्योजक? त्याच्यासाठी स्वतंत्र व्हिसा असावा, असे विधेयक २०१० पासून वारंवार मांडले गेले. ते संमत झालेले नाही. ई-२ हा व्हिसा माफक भांडवलावर मिळू शकतो, परंतु तो तहाने बांधलेल्या देशांच्या नागरिकांना, आणि भारताशी तसा तह नाही. यावर सल्लागारांनी शोधलेला उपाय मासलेवाईक आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडाचे नागरिकत्व विकत घ्या आणि त्या वाटेने अमेरिकेत शिरा! ज्या ग्रेनाडात १९८३ साली रेगन साहेबांनी फौजा उतरवल्या, तेच हे बेट. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे मायदेशाचे नागरिकत्व सोडूनच हा सौदा करायचा. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने अशा विकतच्या नागरिकांना त्या देशात तीन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली, तेव्हा ही पळवाटही अरुंद झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लादणारा फतवा काढला. त्याच दिवशी दहा लाख डॉलर मोजणाऱ्यासाठी ‘गोल्ड कार्ड’ही जाहीर केले. लाखाचा हा तडाखा कोणाला बसतो? दहा माणसांची कंपनी एका अभियंत्यासाठी एवढी रक्कम मोजूच शकत नाही. बड्या कंपनीला मात्र ते काम बेंगळुरू अथवा पुण्याला हलवता येते. शिवाय स्वतःच्या परदेशी कचेरीतील माणसे एल-१ व्हिसावर नेण्याची वाट तिला मोकळी असते. त्या व्हिसाला वार्षिक संख्यामर्यादा नाही, आणि त्यावर गेलेल्या माणसाला मालक बदलण्याची मुभाही नाही. भांडवलाला असा बांधलेला माणूसच प्रिय.

आपल्यातील काही साथी विचारतील, या संगणकबाबूंची चिंता आपण कशाला वाहायची? ते सुखवस्तू आहेत, बहुधा सवर्ण आहेत, आणि संघटनेचे नाव काढले की पाठ फिरवतात. हा आक्षेप निराधार नाही. परंतु दुबईच्या बांधकामावरील मजूर मालकाच्या कफालतीत अडकतो आणि न्यू जर्सीतील अभियंता मालकाच्या अर्जात. वेतनात जमीन-अस्मानाचा फरक असला तरी बेडीची घडण एकच आहे. भारतीय स्वस्तात राबतात, ही अमेरिकी कामगाराची तक्रारही निव्वळ वंशद्वेष म्हणून झटकून टाकता येणार नाही. एच-१बी साठी दीर्घकाळ चालत आलेल्या चार वेतनश्रेणींपैकी खालच्या दोन स्थानिक मध्यवर्ती वेतनाहूनही कमी होत्या. जो नोकरी सोडू शकत नाही, तो वाढ तरी कोणत्या बळावर मागणार?

म्हणूनच ‘अधिक व्हिसा द्या’ ही आमच्या उद्योगपतींची मागणी आणि ‘व्हिसा बंद करा’ ही ट्रम्प यांच्या गोटातील आरोळी, या दोहोंच्या मागे जाण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. परवाना कामगाराच्या स्वतःच्या नावे असला पाहिजे. नोकरी बदलण्याचा, संघटनेत जाण्याचा, आणि वाटल्यास चार सहकाऱ्यांसह स्वतःचा लहान उद्योग काढण्याचा हक्क त्यासोबत त्याला मिळाला पाहिजे. भारत सरकार परराष्ट्रांशी व्यापारी करारांची बोलणी करते, तेव्हा कंपन्यांच्या सवलतींबरोबर हा मुद्दा मेजावर येतो काय, हे आपल्या खासदारांनी संसदेत विचारावे.